भगवंतरावांची आडभिंत

माझ्या भाऊजींनी, म्हणजे वलगावच्या भगवंतरावांनी, आयुष्यात कुठलीच गोष्ट सगळ्यांच्या आधी केलेली नाही. जन्माला यायचं तेसुद्धा दोन बहिणींना पुढे पाठवून, जग कसं आहे ते त्यांच्याकडून कळल्यावर आले असावेत.

गावात सोयाबीन आलं तेव्हा शेजाऱ्यांनी घरं बांधली, मोटारसायकली घेतल्या. भाऊजी बांधावर उभे राहून बघत होते. काही वर्षांनी त्यांनी एका एकरात पेरून पाहिलं, तेही कडेच्या एकरात. पुढे सोयाबीनवर रोग आला, लोकांचं पीक पिवळं पडून गेलं, तेव्हा यांचं फक्त एक एकर गेलं. मग माझ्या बहिणीला, वच्छलाला, महिनाभर ऐकवलं, "पाह्यलं? मी म्हणत नव्हतो?" मधल्या सगळ्या वर्षांत जो पैसा हातचा गेला त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. बरोबर निघणं ही या माणसाची सगळ्यांत वाईट खोड. दहातून तीनदा निघतात, पण ते तीन वेळा ऐकणाऱ्याचा जीव जातो.

मी अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. परंपरावादाचं प्रकरण दरवर्षी असायचं आणि दरवर्षी पोरं पेपरात लिहायची की परंपरावाद म्हणजे उपासतापास, सोवळंओवळं आणि बायकांनी डोक्यावर पदर घेणं. मी मार्क कापायची. अरे बाबांनो, तसं नाही. त्या विचाराचं म्हणणं एवढंच की माणूस मुळात अपुरा आहे आणि त्याची अक्कल त्याहून अपुरी. कोणा एका हुशार माणसाच्या डोक्यातून निघालेल्या योजनेपेक्षा चार पिढ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेली रीत जास्त भरवशाची. बदल करू नका असं तो विचार म्हणत नाही. हळू करा, डागडुजी म्हणून करा, आणि जे पाडायचं ते का उभं आहे हे कळल्याशिवाय पाडू नका, असं म्हणतो. शेत आपलं नसतं. आज्याकडून आलेलं आणि नातवाकडे जायचं, आपण मधले राखणदार. सरकार लांब असतं, शेजारी जवळ असतो. हे सगळं फळ्यावर लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वलगावच्या ओट्यावर पाय पसरून बसलेले भाऊजी असायचे. ते कधी देवळात फिरकत नाहीत, मटण आवडीने खातात, उपास एकही करत नाहीत. पण घरातली खुंटी हलवायची तर त्यांना आधी इतिहास सांगावा लागतो.

सुनेने, प्राजक्ताने, स्वयंपाकघरात नवा ओटा करायचा म्हटलं, खिडकीखाली. सुशिक्षित पोरगी, तिने फोनवर चित्र काढून दाखवलं. भाऊजी म्हणाले, चूल त्या कोपऱ्यात कावून होती ते आधी इचारा. कावून म्हणजे कशासाठी, हा त्यांचा आवडता शब्द. वच्छला म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे, मला काय माहीत. मग त्यांनी थोरल्या बहिणीला मोर्शीला फोन लावला. ती म्हणाली, खिडकीतून वारा येतो, जाळ विझायचा. आता गॅसच्या शेगडीचासुद्धा वाऱ्याने जाळ फडफडतो हे खरं. ओटा शेवटी जुन्याच कोपऱ्यात झाला. प्राजक्ता चार दिवस बोलली नाही. मीही नसते बोलले.

आणि तरी या माणसाला सरळ नावं ठेवता येत नाहीत, हा आणखी एक वैताग. टाळेबंदीत शहरातून पायी निघालेली माणसं रस्त्याने जायला लागली तेव्हा बाकीचे टीव्ही बघत होते. यांनी त्यांच्यासाठी एकेका वेळच्या भाकरी करायचं काम गल्लीतल्या प्रत्येक घराला वाटून दिलं. भाषण नाही, फोटो नाही. सरकार येईन तवा येईन, म्हणाले, आधी शेजारी. कोणाच्या घरी मयत झाली तर पहिली चटई यांची. शेजाऱ्याचं करायचं ही त्यांच्या घरची रीत, आणि रीत म्हटली की मग ऊन, पाऊस, गुडघेदुखी, काही आड येत नाही.

तर अशा या माणसाकडे मागच्या दिवाळीत माधवी आली.

भाऊजींच्या गोठ्यामागे गल्ली संपते, ती एका आडभिंतीने. काळ्या दगडांची, छातीएवढी उंच. भिंत भाऊजींच्या जागेत, म्हणून त्यांच्या होकाराशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. भिंतीपलीकडे बौद्धांची वस्ती. तिकडून इकडे, म्हणजे बाजाराला, शाळेला, अमरावतीच्या रस्त्याला यायचं तर नाल्याकडून मोठा वळसा. माधवी तिथली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि त्याआधी माझी विद्यार्थिनी होती. परंपरावादावर तिने उत्तर चांगलं लिहिलं होतं. शेवटी एक प्रश्न मलाच विचारला होता, कोणाची परंपरा, म्हणून. मी मार्क दिले आणि प्रश्नाखाली 'छान' लिहिलं.

मी दिवाळीला बहिणीकडे होते, म्हणून समोरच बसले होते. माधवीने सांगितलं की तिच्या आईच्या, दुर्गाबाईंच्या, किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिसला न्यावं लागतं. नाल्याकडच्या वाटेने रिक्षा येत नाही. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं जण उचलून नाल्यापलीकडे नेतात. मागच्या आठवड्यात एकाचा पाय घसरला, आई खुर्चीसकट चिखलात पडली. आता ती म्हणते, मी येतच नाही, मरू द्या मला घरात. भिंत काढली तर रिक्षा थेट दारात लागेल.

"काका, ती भिंत कशी आली ते तुम्हाला माहीतच आहे," माधवी म्हणाली. "मागचं मी काही काढत नाही. फक्त आईपुरतं बघा."

भाऊजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. आणि मग जे तोंडातून काढलं ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी काढलं नसतं. म्हणाले, "पोरी, तुह्या मायचं समजलं मले. पण ते भिंत कोणं बांधली, कावून बांधली, हे मले आधी समजू दे. मंग पाहू."

माधवीचा चेहरा एकदम बंद झाला. चहाचा कप तिने तसाच ठेवला, मला नमस्कार केला आणि गेली.

ती गेल्यावर मी भाऊजींना म्हटलं, बाई मरायला टेकली आहे आणि तुम्हाला भिंतीची वंशावळ पाहिजे? ते म्हणाले, प्राध्यापकीण बाई, तुमीच तं शिकवता. बिनाकामाची भिंत कोणी बांधते का? मी म्हटलं, मी शिकवते ते परीक्षेपुरतं. त्यांचा मुलगा नितेश म्हणाला, बाबा, जेसीबी एका तासात साफ करते. त्याला तर त्यांनी अशा नजरेने पाहिलं की तो जेवणाचं ताट घेऊन आत गेला.

आणि मग शोध सुरू झाला. माणूस प्रामाणिक, हीच पंचाईत. टाळायचं असतं तर गप्प बसले असते. हे दुसऱ्या दिवसापासून विचारत सुटले. देवमन पाटील म्हणाले, पेढी नदीच्या पुराचं पाणी अडवायला बांधली. मी विचारलं, पाणी नाल्याकडून येतं, मग भिंत गल्लीच्या तोंडाशी कशी? देवमन पाटलांनी विषय कापसाच्या भावावर नेला. शेजारचे म्हणाले, जनावरं सुटून जाऊ नयेत म्हणून. मोर्शीची बहीण म्हणाली, खळ्यावरचं धान्य वाऱ्याने उडायचं. कोणी म्हणालं, इंग्रजांच्या काळची आहे. भाऊजी रोज संध्याकाळी ही सगळी कारणं ओट्यावर मांडून बसायचे आणि एकही पटत नाही म्हणून उदास व्हायचे. इकडे आठवड्याचे दोन दिवस येत होते आणि जात होते. दुर्गाबाई एकदा गेल्या, एकदा नाही गेल्या. वच्छलाला हे पाणी भरायच्या वेळी बायकांकडून कळायचं आणि ती मला सांगायची, भाऊजींना नाही, कारण भाऊजी म्हणायचे, मी करूनच राह्यलो नं.

शेवटी ते म्हणाले, अकोल्याचे रामकाका सांगतील. रामराव म्हणजे त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ, नव्वदी ओलांडलेले, अकोल्यात नातवाकडे राहतात. बडनेऱ्याहून आम्ही गाडी पकडली. मी का गेले? त्यांना एकट्याला सोडलं असतं तर ते वाटेत मूर्तिजापूरला उतरून आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारत बसले असते.

रामकाकांचं डोकं शाबूत आहे. कापसाच्या गाडीला कोणते बैल होते, त्यांची नावं काय, ते सगळं त्यांनी सांगितलं. मग भाऊजींनी भिंतीचं विचारलं. काका आधी हसले.

"हाये का थे अजून?" म्हणाले.

भाऊजी म्हणाले, आहे, आणि पाडा म्हणतात. कावून बांधली होती तेवढं सांगा. काकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं हसणं मावळलं. नातसुनेला चहा आणायला सांगितला. आमचा दोघांचा झाला होता.

"राहू द्या तिले तशीच," शेवटी बोलले. "पाडसान तं लोक इचारतीन, कावून पाडली."

परतीच्या गाडीत भाऊजी खिडकीबाहेर बघत बसले. बडनेरा आल्यावर म्हणाले, काकाले आता आठवत नाही. मी म्हटलं, कापसाच्या गाडीचे बैल नावानिशी आठवतात आणि एक भिंत आठवत नाही होय. संशय त्यांनाही आला होता, पण संशयावरून हातोडा उचलायचा हे त्यांच्या रक्तात नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी माधवीला फोन लावला. फार तुसड्या आवाजात बोलली. म्हणाली, "मॅडम, द्यायचं नसेल तर नाही म्हणायचं. समजू दे म्हणे कशी बांधली. आमची थट्टा कशाला?"

मी म्हटलं, थट्टा नाही, त्या माणसाला खरोखरच माहीत नाही.

ती म्हणाली, "असं कसं माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना म्हणजे कोणाला? तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि मला भाऊजींचा भयंकर राग आला. हा माणूस वलगाव पालथं घालतो, मोर्शीला फोन करतो, आगगाडीने अकोल्याला जातो, आणि भिंतीला पाठ टेकून ज्यांची घरं आहेत त्यांना विचारायचं याच्या डोक्यात येत नाही. शेजाऱ्याचं करणारा हा माणूस, पण टाळेबंदीतल्या भाकरीसुद्धा भिंतीपर्यंतच्या घरांनी केल्या होत्या. शेजार तिथे संपत होता. तो कोणी संपवला हे त्यांनी कधी पाहिलं नाही, कारण त्यांना कळायला लागल्यापासून भिंत तिथे होती. जे नेहमी तिथे असतं ते दिसत नाही.

सकाळी मी एवढंच विचारलं, "भाऊजी, भिंतीपलीकडे विचारलं का?"

ते म्हणाले, "त्यायले काय माईत? भिंत आमची आहे."

"भिंतीला दोन बाजू असतात," मी म्हटलं. "चपला घाला."

मी त्यांना मुद्दाम नाल्याकडूनच नेलं. दुसरी वाटच नव्हती म्हणा. दिवाळी होऊन गेली होती तरी चिखल होता. गुडघा धरून धरून चालताना एकदा त्यांनी माझा खांदा पकडला. एरवी साळीच्या खांद्याला हात लावतील असा माणूस नव्हे. अर्ध्या वाटेवर उभं राहून त्यांनी मागे वळून आपलं घर पाहिलं. गोठ्याचं छप्पर हाकेच्या अंतरावर दिसत होतं.

दुर्गाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अंगावर नुसती कातडी आणि हाडं, पण आवाज खणखणीत. माधवीने खुर्ची दिली. हीच ती खुर्ची असणार, प्लास्टिकची. भाऊजी तिच्यावर बसले, मग त्यांनाही ते सुचलं असावं, कारण उठून ते पायरीवर बसले. आणि त्यांनी सरळ विचारलं, बाई, ती भिंत कावून बांधली?

दुर्गाबाईंनी आधी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमाले माईत नाई?"

"नाई."

"खरंच नाई?"

"मायची आण."

मग त्यांनी सांगितलं, शेतातल्या कामाचं सांगावं तसं. छप्पन साली त्यांच्या बापाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर वस्तीने ठरवलं की मेलेली ढोरं ओढायची नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींच्या आज्याचा बैल मेला. निरोप आला. बाप गेला नाही. दुसऱ्यांदा निरोप आला, तरी गेला नाही. बैल दोन दिवस गोठ्यामागे पडून होता, वास सुटला, शेवटी आज्याच्या सालदारांनी ओढला. आणि त्यानंतर गाड्यांनी दगड येऊन पडले.

"गल्ली बंद केली आमची," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी चौथीत होती. शाळा तुमच्या अंगाले. पावसाळ्यात नाल्याले पाणी राहे. माही शाळा तथीच सुटली."

भाऊजींनी जमिनीकडे बघत विचारलं, इतकी वर्षं कोणी सांगतलं कावून नाही.

"कोणी इचारलं नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमाले वाटे, तुमाले माईत आहे, अन् तुमाले ते पायजेच आहे."

माधवीने चहा आणला. भाऊजींनी तो पूर्ण प्यायला, आणि दुर्गाबाईंना विचारलं, दवाखान्याचा दिवस कोणता. परवा, माधवी म्हणाली.

आता कोणाला वाटेल की इथून पुढे सगळं सुरळीत झालं. छे. घरी येऊन नितेश जेसीबीवाल्याला फोन लावायला लागला तर भाऊजींनी त्याच्या हातून फोन घेतला. म्हणाले, आमच्या घरानं हातानं रचली, हातानंच उतरन. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. म्हटलं, भाऊजी, तुमचं प्रायश्चित्त तुम्ही सवडीने घ्या, तिला परवा जायचं आहे. त्यावर ते पहार घेऊन गोठ्यामागे गेले. त्यांना एकट्याला करू देणार कोण? नितेश गेला, पलीकडून माधवीचा भाऊ आला, मग दोन्हीकडचे आणखी चौघं-पाचजण. देवमन पाटील येऊन उभे राहिले आणि कापसाच्या भावाचं बोलू लागले. भाऊजींनी त्यांच्या हातात एक दगड दिला. पाटलांनी तो घेतला, काय करतात?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भिंत उतरली, एक थर सोडून. तो सगळ्यांत खालचा थर, वीतभर उंचीचा, भाऊजींनी राहू दिला. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाले, पुढच्यायले समजलं पायजे अथी काय होतं ते. आपण सांगतलं नाही तं पुन्हा कोणीतरी माह्यासारखाच निंघन. मला ते पटलं, हे मान्य करते. वर्गात मी हेच सांगितलं असतं, चूकसुद्धा पुसून टाकू नये, पुढच्यांच्या स्वाधीन करावी. मी मान हलवली. शहाणे दोघे.

सकाळी रिक्षा आली. भाऊजी बाजूला उभे. रिक्षा त्या थरापाशी थांबली, पुढचं चाक दगडाला लागलं आणि गचका बसला. चालकाने पुन्हा जोर केला, पुन्हा गचका. शेवटी रिक्षा अलीकडेच राहिली आणि दुर्गाबाईंना खुर्चीत बसवून आणलं. थरापाशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. दगडांकडे पाहिलं.

"हे कशाले ठेवलं?"

भाऊजींनी सांगितलं, आठवण म्हणून.

"आठवण आमच्याजवळ आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "भिंत नाई लागत त्याच्यासाठी. तुमाले पायजे असन तं तुमच्या आंगनात ठेवा."

रिक्षा गेली आणि भाऊजींनी पहार उचलली. जमिनीत हातभर गाडलेले दगड होते ते. ऊन चढलं तरी थांबले नाहीत, आणि वच्छलाने जेवायला हाक मारली तर म्हणाले, बुढी परत येईन दुपारून, त्याच्या आधी. दुपारी रिक्षा आली ती न थांबता दुर्गाबाईंच्या दारापर्यंत गेली. मागे बसलेल्या दुर्गाबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. डायलिसिस करून आलेलं माणूस कोणाकडे बघत नाही, त्याला झोपायचं असतं.

त्या थराचे दगड आता भाऊजींच्या ओट्याच्या कडेला रचलेले आहेत. कोणी विचारलं की ते सगळी हकिगत सांगतात, आज्याच्या बैलापासून, आणि ती इतकी लांबवतात की वच्छला आतून भांडी आपटते.

परवा गेले तर गल्लीत आरडाओरडा चालला होता. नितेशने ट्रॅक्टर आडवा लावला होता आणि भाऊजी ओट्यावरून त्याला झापत होते, की हा वहिवाटीचा रस्ता आहे, जुना रस्ता आहे, बापजाद्यापासूनचा, अथी काही आडवं लावाची आपल्या घरची रीत नाही. मी म्हटलं, भाऊजी, आपल्या घरची रीत काय होती ते सगळ्या गावाला माहीत आहे, आणि रस्ता होऊन अजून वर्ष नाही झालं.

"भिंतीहून जुना आहे," ते म्हणाले.

आणि वैताग असा की तेही बरोबरच होतं.